चषक नको वाटतोय, मग सरांची आठवण कशी ठेवायची?

चौथी_पाटी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे खो-खोचे सर गेल्या महिन्यात गेले. वय ८४. शाळेचं नाव लिहीत नाही, पेठेतली आहे एवढं पुरे. ओळखणारे ओळखतीलच. सर दिवसभर भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी पाच ते सात मैदानावर असायचे. आधी मुली, मग मुलं. मी १९९३ ची दहावी.

आता प्रश्न. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप झालाय, वर्गणीही बऱ्यापैकी जमली आहे, आणि बहुतेकांचं मत 'स्मृतिचषक' करू असं आहे. दोन फुटी, सोनेरी, फिरता, आंतरशालेय स्पर्धेतल्या विजेत्या संघाला. शिवाय हॉल, हार, फ्लेक्स. मला ते पटत नाहीये. पण का पटत नाही हे ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना, आणि तिसरी ओळ तिथे कुणी वाचत नाही. म्हणून इथे.

सरांचं सगळं लक्ष बसलेल्यांकडे असायचं. खो-खो पाहणारा माणूस पळणाऱ्याकडे बघतो आणि त्याला मारणाऱ्याकडे बघतो. मधल्या पट्ट्यात आठ जण एकाआड एक उलट्या तोंडांनी आपापल्या चौकोनात, म्हणजे पाटीवर, बसलेले असतात, त्यांच्याकडे कोण बघतंय! सर बघायचे. आम्ही बसलो की हातात लाकडी फूटपट्टी घेऊन रांगेमागून फिरायचे आणि एकेकीच्या टाचेखाली ती सरकवायचे. पट्टी आरपार गेली तर पुढे. अडकली, म्हणजे टाच टेकलेली, म्हणजे बाईसाहेब आरामात बसल्यात. मग काही न बोलता पट्टी तिथेच ठेवून पुढे जायचे. ती पट्टी नंतर आपण उचलून त्यांना नेऊन द्यायची. ओरडले असते तर परवडलं असतं.

"खो कानानं घ्यायचा नाही, पाठीनं घ्यायचा," हे तर दिवसातून दहादा. म्हणजे हात पाठीला लागला की त्याच क्षणी उठायचं. आधी उठलं तर फाऊल, उशिरा उठलं तर पळणारी चार पावलं पुढे. मी चौथ्या पाटीवर बसायचे. उंची बेताची, सूर मारायला घाबरट, त्यामुळे गडी बाद करणं हे काही माझं काम नव्हतं. खो घ्यायचा, दोन-तीन पावलं जायचं, पुढचीला द्यायचा, तिच्या जागी बसायचं. तीन वर्षं मी हेच केलं.

मैदानाला रोज पाणी मारायचं, शनिवारी नव्यानं फक्की टाकायची. सरांकडे गाठी मारलेली सुतळी होती, तिच्यावरून आम्ही डोळे मिटून मैदान आखायचो. खांब ते स्वतः घासायचे, काचपेपरनं. हाताला कुसळ लागलं तर मुलगी वळसा घेताना बिचकते, आणि एकदा बिचकली की महिनाभर बिचकते, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या घरी माझ्या खेळण्याला विरोध होता. मुख्यतः आजीचा आणि मुख्यतः हाफ पँटला. सर वाड्यात आले, ओसरीवर मांडी घालून बसले, आजीनं दिलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "आजी, तुमचं बरोबर आहे." आजीला हे अपेक्षितच नव्हतं. मग म्हणाले, पोरींना सात वाजता एकटं सोडत नाही, मी स्वतः घरी पोचवतो. आणि पोचवायचे! सायकल हातात धरून पुढे सर, मागे आम्ही सात-आठ जणी धुळीनं माखलेल्या, एकेका वाड्याशी एकेक गळत जायची. चौकातले लोक याला वरात म्हणायचे. पुढच्या वर्षीपासून आजी सरांसाठी शेंगदाण्याचा लाडू काढून ठेवायला लागली. हाफ पँटबद्दल मात्र मरेपर्यंत कुरकुरली.

काकू, म्हणजे सरांच्या बायको, मुलींच्या सरावाला कायम मैदानाच्या कडेला बसलेल्या असायच्या. मटार सोलायच्या, तांदूळ निवडायच्या. आम्हाला वाटायचं, यांना घरी करमत नसेल. महिन्यातले जे चार दिवस आम्ही सरांना काही सांगू शकत नव्हतो, ते काकूंना सांगायचो आणि सर त्या दिवशी आम्हाला न विचारता नुसतं शिट्टीवर बसवायचे, हे मला तेव्हा साधं वाटलं होतं. आता माझी मुलगी त्या वयाची झाल्यावर कळतंय.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा फायनल बघायला मी सरांकडे गेले होते. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी ५४-३६. ऐकू फार कमी येत होतं त्यांना, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत. मी टाळ्या वाजवत होते आणि सर पडद्याला नाक लावून बसलेल्या मुलींच्या टाचा बघत होते. मॅट त्यांना आवडली ("गुडघे वाचले पोरींचे"). कुठल्याही दिशेला पळायची मुभा असलेला 'वजीर' अल्टिमेट खो-खो लीगमध्ये आला होता, तो मात्र शेवटपर्यंत आवडला नाही. "मग खांबाला वळसा घ्यायला शिकेल कोण?"

तर चषक. सर गेल्यावर काकूंनी मला बोलावलं आणि माळ्यावरून काढलेल्या सतरा वह्या समोर ठेवल्या. दोनशेपानी, लांबट, पुठ्ठा कुरतडलेला. प्रत्येक सामन्याला एक पान. आणि त्यात काय, तर कुणी किती गडी मारले ते नाहीच. एक रकाना 'खो', एक रकाना 'उ'. 'उ' म्हणजे उशिरा. आडव्या ओळीत पाटीचा नंबर, पुढे रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. १९९१ च्या जिल्हा स्पर्धेतला एक सामना आम्ही हरलो होतो आणि मी स्वारगेटपर्यंत रडत आले होते, कारण माझ्या नावावर एकही गडी नव्हता. त्या पानावर चौथ्या पाटीपुढे ३१ खो आहेत. उशिरा दोन. नऊ जणींत सगळ्यात जास्त.

तीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. सरांनी कधी सांगितलं नाही.

म्हणून विजेत्या संघाला दोन फुटी सोनेरी चषक हे सरांच्या नावानं करायला मन धजत नाही. पण मग काय करायचं? पैसे आहेत, माणसं आहेत, वह्या आहेत. सुचवा. (वह्यांच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात गोल करून १२ असंही लिहिलंय बऱ्याच ठिकाणी. पान नंबर नाही, कारण लागोपाठ सगळीकडे १२ च आहे. कुणाला कल्पना असेल तर तेही सांगा.)

शनिपारचा

बाकी काहीही करा, फ्लेक्स लावू नका. त्यावर सर कोपऱ्यात तिकिटाएवढे येतात आणि शुभेच्छुक बाहीपर्यंत. खाली वाढदिवसाच्या उरलेल्या ओळी तशाच छापून आलेल्याही पाहिल्यात मी.

लाडवाची आजी फार आवडली.

निवृत्त_पंच

ताई, वाचून बरं वाटलं. मी अनेक वर्षं पंचगिरी केली, त्यामुळे कोरडं पण उपयोगाचं बोलतो.

गुणपत्रकावर कुठला गडी बाद झाला, कुणी केला, कितव्या मिनिटाला केला एवढंच येतं. खो किती दिले हे कुठल्याच अधिकृत कागदावर नसतं. म्हणजे तुमच्या सरांनी जे मोजलं ते पुण्यात दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता कमीच. खो-खोच्या नियमांचं पहिलं काम १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यानं केलं, हे आपण अभिमानानं सांगतो. तेव्हापासून कागदावर मान बाद करणाऱ्याचा. मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतले एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई हे पुरस्कारही अष्टपैलूंना जातात, आणि ते योग्यच आहे, पण चौथ्या पाटीवरचा माणूस त्यात बसत नाही.

तेव्हा माझी सूचना: जिल्ह्यातल्या एखाद्या शालेय स्पर्धेत 'उत्कृष्ट खो' असं एक वैयक्तिक बक्षीस ठेवा. संयोजक हो म्हणाले तर त्याला नियमांची आडकाठी नाही. वर्गणी खर्च करू नका, बँकेत ठेव ठेवा, व्याजातून दरवर्षी एका मुलीला आणि एका मुलाला बूट द्या. चषक माळ्यावर जातो, बूट झिजतात.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. मोजणार कोण? नऊ मिनिटांची पाळी, दोन डाव, आणि साखळी लागली की खो इतके भराभर पडतात की पंचाचीसुद्धा नजर पळणाऱ्यावर राहते, बसलेल्यांवर नाही. प्रत्येक सामन्याला निदान दोन माणसं फक्त याच कामाला बसवावी लागतील आणि त्यांना खो 'तत्काळ' की 'उशिरा' हे कळायला पाहिजे. असे लोक आणायचे कुठून?

कोपऱ्यातला १२ म्हणजे संघाची संख्या असावी. तेव्हा संघ बारा जणांचा, खेळणारे नऊ आणि तीन राखीव.

खेळात_ढ

मी याच शाळेतली, याच सरांची, पण मैदानावर कधी पाऊल नाही. मला सर आठवतात ते भूगोलाचे, त्यांच्याबद्दल कुणी लिहीतच नाही म्हणून ही भर.

समोच्च रेषा शिकवायच्या म्हणून आम्हाला सकाळी सहाला पर्वतीवर बोलावलं होतं. १०३ पायऱ्या. प्रत्येकीनं आपल्याला धाप कुठे लागली ती पायरी लक्षात ठेवायची आणि वर आल्यावर सांगायची. मग सरांनी फळ्याऐवजी जमिनीवर खडूनं पर्वती काढली आणि रेषा जिथे जवळ आल्या तिथे बोट ठेवून म्हणाले, "इथे तुम्ही सगळ्या बसलात." नकाशात दाट रेषा दिसल्या की आजही मला दम लागतो.

जुलैमध्ये एकदा कर्जतहून पुण्याला येणाऱ्या गाडीनं आणलं होतं. लोणावळ्याला खिडकी बंद करायची मारामार, अंगावर धो धो पाणी, आणि शिवाजीनगरला उतरलो तर फलाट कोरडा ठणठणीत. "याला म्हणायचं पर्जन्यछायेचा प्रदेश. लिहून घ्या." वही भिजलेली होती, कशावर लिहून घेणार!

आणि पानशेत धरण फुटलं तो पूर. पर्वतीवरूनच दाखवायचे, पाणी कुठून आलं, कुठवर आलं. १२ जुलै १९६१ ला सर विशीतले, साताऱ्याकडून शिकायला आलेले, नारायण पेठेत खोलीवर राहायचे. जीव वाचला, ट्रंक गेली. त्या ट्रंकेत त्यांच्या स्वतःच्या खेळण्याच्या वह्या होत्या, हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. कपड्यांबद्दल, पैशांबद्दल काही नाही, फक्त वह्या. त्यानंतर महत्त्वाचं काही कधी खाली ठेवलं नाही म्हणायचे.

म्हणून माळ्यावर. तुझी पोस्ट वाचताना तिथेच अडखळले.

राखीव

सगळं वाचलं. सगळे डोळे पुसून झाले असतील तर थोडं वेगळं लिहितो.

मीही याच सरांचा. मुलांचा संघ, १९९० ते १९९२. वर पंचकाकांनी लिहिलंय तसे बारा जण, त्यातला मी बारावा. तीन वर्षं. एकदाही मैदानात उतरलो नाही. एकदाही! जर्सी मिळाली होती, पण ती मळली नाही. सामन्याच्या दिवशी आई विचारायची, "आज घेतलं का?" आणि मी सांगायचो, आज खेळपट्टी ओली होती. खो-खोला खेळपट्टी नसते हे तिला माहीत नव्हतं ते बरंच.

सराव मी एकही चुकवला नाही. सुतळी मीच धरायचो, फक्की मीच टाकायचो, मॅटेडोरमधून खांब मीच उतरवायचो. एका फायनलला आम्ही आठ गुणांनी पुढे होतो, दीड मिनिट राहिलं होतं, तेव्हा तरी घालायला काय हरकत होती? सरांकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली. ती नजर वळवलेली मला दिसली, आणि माणूस कितीही चांगला असला तरी ती मी विसरलेलो नाही. ५० वर्षांचा झालो तरी.

आणि वर मुलींचा सामना असला की माझ्या हातात वही आणि पेन्सिल. "तू बस इथे, खो मोज." म्हणजे स्वतःचा सामना बाहेर बसून बघायचा आणि दुसऱ्यांचाही बाहेर बसून. बाकीची पोरं भेळ खायला जायची.

बक्षीस द्या, बूट द्या, माझी ना नाही. वर्गणीही दिलीये मी, यादीत बघा. फक्त 'सरांचं लक्ष बसलेल्यांकडे असायचं' हे वाचून हसू आलं. पाटीवर बसलेल्यांकडे असेल. बाकावर बसलेल्यांकडे नव्हतं.

आणि तो कोपऱ्यातला १२ संघाची संख्या नाही. तो मी.

शनिपारचा

मी फ्लेक्सवरचा विनोद मागे घेत नाही, पण आता गप्प बसतो.

चौथी_पाटी

@राखीव, रात्री दोनपर्यंत वह्या घेऊन बसले होते म्हणून उत्तराला उशीर.

तुम्ही डावखुरे आहात का? १९९० च्या पावसाळ्यापर्यंतच्या रेघा सरळ आहेत, त्या सरांच्या. पुढे एकदम उलट्या बाजूला कलायला लागतात, आणि तिथपासूनच कोपऱ्यात १२ येतो. मी मूर्खासारखी समजत होते की सरांचा हात तेव्हापासून कापायला लागला असेल. १९९२ च्या डिसेंबरनंतर १२ नाही आणि रेघा पुन्हा सरळ. तुमची १९ पानं भरली आहेत त्यात.

मी तेव्हा तुम्हाला बघितलं असणार. कडेला, काकूंच्या शेजारी. चेहरा अजिबात आठवत नाहीये, त्याची लाज वाटते.

अजून एक. ज्या सामन्याचं मी वर लिहिलं, ३१ वाला, त्या पानाच्या तळाशी सरांच्या अक्षरात पेन्सिलीची एक ओळ आहे. इतकी पुसट की फोनचा दिवा तिरका धरल्यावर दिसली. जशीच्या तशी देते:

"४ थी पाटी, माझे २९. १२ चे ३१. ३१ धरावे."

असं आणखी सहा ठिकाणी आहे. सरांचा आकडा वेगळा, तुमचा वेगळा, आणि प्रत्येक वेळी तुमचा धरलाय. एका ठिकाणी तर सरांनी स्वतःचा आकडा इतका जोरात खोडलाय की कागद फाटलाय.

तुम्हाला का उतरवलं नाही ते कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधलं.

निवृत्त_पंच

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं म्हणायचं. @राखीव, नोव्हेंबरमध्ये शालेय स्पर्धा आहेत. दोन-तीन पोरांना तयार कराल का? संयोजकांशी मी बोलतो. चहा-वडापाव मिळेल, मानधनाचं सांगू शकत नाही.

राखीव

हो, डावखुरा.

३१ च होते. पंचविसाव्या खोला सर कुणाशी तरी बोलायला वळले होते, तिथे त्यांचे दोन सुटले. मी तेव्हा त्यांना सांगितलं नव्हतं, उगाच वाद कशाला म्हणून.

नोव्हेंबरचं कळवा, रजा टाकतो. वह्या घरी नेऊ नका, काकूंकडेच माळ्यावर ठेवा. त्या पानाचा फोटो तेवढा पाठवा, आईला दाखवायचाय.

आठ गुणांनी पुढे होतो, दीड मिनिट होतं. उतरवायला हवं होतं.